फाईल उतरली, पण हाती काय आले?

शेतकऱ्यापर्यंत माहिती पोहोचवणाऱ्या साखळीत गेल्या काही वर्षांत एक नवा दुवा आला आहे आणि तो सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. बाजारभावाचा सकाळचा संदेश, हवामानाधारित पीकसल्ला, कीडनियंत्रणाची सूचना हे सारे आता मोबाईलच्या अ‍ॅपवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर येते. कोणीतरी पोर्टल पाहून, आकडे उतरवून हा मजकूर तयार केला असेल, असा वाचणाऱ्याचा समज असतो. प्रत्यक्षात अनेकदा तिथे माणूस नसतो. दूरच्या माहितीकेंद्रातील भाड्याच्या संगणकावर एक आज्ञावली ठरल्या वेळी जागी होते, ब्राउझर उघडते, पोर्टलवर जाऊन राज्य, बाजार, शेतमाल आणि तारीख निवडते, ‘डाउनलोड’चे बटण दाबते आणि उतरलेली फाईल वाचून संदेश रवाना करते. या ब्राउझरला पाहण्याजोगा पडदा नसतो, म्हणून तांत्रिक भाषेत त्याला ‘हेडलेस ब्राउझर’ म्हणतात.

ही सोय उपयुक्त आहे, यात वाद नाही. शंभर बाजारांचे दर रोज हाताने उतरवण्याइतके मनुष्यबळ ना शेतकरी उत्पादक कंपनीकडे असते, ना कृषी विज्ञान केंद्राकडे. परंतु या सोयीत एक मूलभूत दोष आहे. ती अयशस्वी झाली तर बहुधा ओरडत नाही, गप्प राहते. फाईल उतरली नाही, अर्धी उतरली किंवा भलतीच उतरली, तरी संदेश ठरल्या वेळी जातोच आणि त्यात कालचा अथवा परवाचा आकडा आजचा म्हणून वाचला जातो. म्हणून अशा व्यवस्थेचे मोल ती किती फायली उतरवते यावर न ठरवता, फाईल न मिळालेल्या दिवशी ती काय सांगते यावर ठरवले पाहिजे.

ही वाट का निघाली

देशात शेतीविषयक सार्वजनिक माहितीची कमतरता नाही. अ‍ॅगमार्कनेट हे पोर्टल २००० सालापासूनच्या प्रयत्नांतून उभे राहिले. बाजार समित्यांमधील आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर त्यावर दिसतात. १४ एप्रिल २०१६ रोजी ई-नामचा प्रारंभ झाला. भारत हवामानशास्त्र विभागाच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेतून दर मंगळवारी आणि शुक्रवारी सल्ला पत्रिका निघतात आणि त्यांत पुढील पाच दिवसांच्या अंदाजावर आधारलेला पीकसल्ला असतो. राज्यांची पणन मंडळे आणि मोठ्या बाजार समित्यांची स्वतःची संकेतस्थळे वेगळीच.

अडचण आहे ती माहिती देण्याच्या पद्धतीत. यांतील बरीच पाने पडद्यासमोर बसलेल्या माणसासाठी रचलेली असतात. आधी राज्य निवडावे, मग जिल्ह्यांची यादी उघडते. जिल्हा निवडल्यावर बाजारांची यादी येते. शेवटी बटण दाबले की त्या क्षणी फाईल तयार होते. त्या फाईलला स्वतःचा कायमचा पत्ता नसतो. एखाद्या साध्या आज्ञावलीने पानाचा पत्ता घेऊन मजकूर मागितला, तर तिच्या हाती रिकामा सांगाडा येतो, कारण तक्ता नंतर ब्राउझरच्या आत भरला जातो. म्हणून आज्ञावली बनवणाऱ्याला पूर्ण ब्राउझरच कामाला जुंपावा लागतो आणि माणसाने जे केले असते ते त्याच्याकडून करवून घ्यावे लागते.

त्यासाठी लागणारी साधने सहज मिळतात. सेलेनियम २००४ मध्ये सुरू झाले. क्रोम ब्राउझरला २०१७ मध्ये पडद्याविना चालण्याची सोय मिळाली आणि त्याच वर्षी पपेटिअर हे साधन आले. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये प्लेराइट आणले. या साधनांचे मूळ काम मुख्यतः संकेतस्थळांची चाचणी घेणे हे होते. चाचणीत बिघाड आढळणे हीच फलश्रुती असते. चाचणी घेणारा त्याचीच वाट पाहत बसलेला असतो. तेच साधन रोजच्या माहितीसंकलनाला लावले की परिस्थिती उलटी होते. इथे बिघाडाची वाट पाहणारे कोणी नसते आणि बिघाड झाला तरी पुढचे चाक फिरतच राहते.

टेबलावरचे यंत्र आणि भाड्याचे यंत्र

अशा आज्ञावल्या बनवणाऱ्यांना एक अनुभव हटकून येतो. स्वतःच्या टेबलावरील संगणकात सारे सुरळीत चालते. तीच आज्ञावली क्लाउडवर चढवली की फाईल सापडत नाही. यामागे गूढ काही नाही. टेबलावरच्या संगणकात ‘डाउनलोड’चे फोल्डर आधीपासून असते, उतरलेली फाईल तिथे पडून राहते आणि अर्धवट राहिली तर डोळ्यांना दिसते. भाड्याच्या यंत्रात यांपैकी काहीच गृहीत धरता येत नाही.

हेडलेस क्रोममध्ये बराच काळ फाईल उतरवण्याची मुभा मुळात बंद असे आणि ती स्वतंत्र सूचना देऊन उघडावी लागे. प्लेराइटमध्ये उतरलेली फाईल तात्पुरत्या जागी ठेवली जाते आणि ब्राउझरचे ते सत्र बंद होताच पुसली जाते. ती आधीच दुसरीकडे जतन करण्याची आज्ञा दिली नसेल, तर काम यशस्वी झाल्याची नोंद राहते आणि फाईल मात्र राहत नाही. क्लाउडवरील कित्येक सेवांमध्ये यंत्राची साठवणजागाच तात्पुरती असते. यंत्र पुन्हा सुरू झाले की ती जागा कोरी होते. अ‍ॅमेझॉनच्या लॅम्डा सेवेत एका कामाला जास्तीत जास्त १५ मिनिटे मिळतात आणि फाईल लिहिण्यासाठी एकच तात्पुरते फोल्डर असते. डॉकरच्या पेटीत ब्राउझरला मिळणारी सामायिक स्मृती मूळ मांडणीनुसार अवघी ६४ एमबी असते. मोठे पान उघडताना ती पुरत नाही आणि ब्राउझर मध्येच कोसळतो.

दुसरी अडचण अर्धवट फाईलची. पोर्टल संथ असले की फाईल हळूहळू उतरते. क्रोम अशा अपुऱ्या फाईलला वेगळे शेपूट जोडून ठेवतो आणि पूर्ण झाल्यावर तिला खरे नाव देतो. आज्ञावलीने ठरावीक दहा सेकंद थांबून पुढे जायचे ठरवले असेल, तर अकराव्या सेकंदाला पूर्ण होणारी फाईल तिच्या हिशेबी येतच नाही. घड्याळ पाहून थांबण्यापेक्षा फाईल पूर्ण झाल्याची खूण मिळेपर्यंत थांबणे हा योग्य मार्ग होय. पण घाईत बनवलेल्या व्यवस्थेत घड्याळच वापरलेले आढळते.

तिसरी अडचण भलत्या फाईलची. पोर्टल बंद असेल किंवा सत्राची मुदत संपली असेल, तर बटण दाबल्यावर दरांच्या तक्त्याऐवजी ‘सेवा उपलब्ध नाही’ असे पान मिळते आणि तेच एक्सेल फाईलच्या नावाने जतन होते. नाव बरोबर, शेपूट बरोबर, आत मात्र दर नाहीत. केवळ ‘फाईल आहे का’ एवढेच विचारणारी आज्ञावली अशा वेळी समाधानाने पुढे जाते.

तारीख चुकते कुठे

शेतीच्या दृष्टीने सर्वांत घातक चूक तारखेची आणि ती फार साध्या कारणाने घडते. क्लाउडमधील यंत्रांचे घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे भारतात मध्यरात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत त्या यंत्राच्या लेखी अजून कालचीच तारीख चालू असते. सकाळचा संदेश वेळेवर जावा म्हणून पहाटे पाच वाजता आज्ञावली चालवली आणि तिला ‘कालचे बाजारभाव आण’ असे सांगितले, तर ती इमानेइतबारे परवाचे बाजारभाव आणते. फाईल पूर्ण उतरते, आकडे खरे असतात, बाजारही बरोबर असतो. एका दिवसाचा फरक मात्र कोणाच्याही लक्षात येत नाही. यंत्राला भारतीय वेळ स्पष्टपणे सांगितली की हा दोष मिटतो. पण तो आहे हे माहीत असेल तरच कोणी तो मिटवील.

एककाचा घोळही असाच. महाराष्ट्रातील बाजारभाव क्विंटलमध्ये बोलला जातो. गुजरातच्या बाजार समित्यांमध्ये मात्र शेतमालाचा भाव साधारणपणे वीस किलोच्या मणाला सांगितला जातो. गुजरातच्या सीमेलगतचा मराठी कापूस उत्पादक दोन्हीकडचे भाव पाहून निर्णय घेतो. तिथल्या एखाद्या बाजाराच्या संकेतस्थळावरून उतरवलेला आकडा तसाच ‘प्रति क्विंटल’ या रकान्यात बसवला, तर भाव पाच पटींनी कमी दिसेल. इतकी मोठी चूक जाणता शेतकरी ओळखतो. पण ज्या पिकाची त्याला ओळख नाही, त्याच्या बाबतीत तो फसू शकतो. इंदूर, बेळगाव, बडोदे, आदिलाबाद अशा ठिकाणी राहून मराठीत सल्ला वाचणारा शेतकरी प्रत्यक्ष माल विकतो तो हिंदी, कन्नड, गुजराती वा तेलुगू नोंदी असलेल्या बाजारात. बाजाराचे नाव, वाणाचे नाव आणि एकक यांची जुळणी त्याच्यासाठी कोणीतरी माणसानेच एकदा बारकाईने करून द्यावी लागते. ब्राउझर ती करत नाही.

लिपीचाही प्रश्न उरतो. पडद्याविना चालणाऱ्या यंत्रावर देवनागरीचे टंक बसवलेले नसतील, तर तिथे तयार झालेल्या पीडीएफमध्ये मराठी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. जुन्या, युनिकोडपूर्व टंकात बनवलेली पत्रिका माणसाला नीट वाचता येते. पण तिच्यातून मजकूर काढणाऱ्या यंत्राच्या हाती निरर्थक चिन्हांची ओळ येते. सल्ल्यातील औषधाची मात्रा अशा मजकुरातून उचलली जात असेल, तर ती चूक केवळ छपाईची राहत नाही.

किंमत कोण मोजतो

या सगळ्याला तांत्रिक किरकिर म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण चुकीची किंमत आज्ञावली बनवणारा मोजत नाही. कांदाचाळीतला माल आज काढायचा की आठवडाभर थांबायचे, लासलगावला न्यायचा की जवळच्या उपबाजारात, हा निर्णय दराकडे पाहून होतो. समजा, संदेशात सर्वसाधारण दर २,२०० रुपये क्विंटल दिसला. तो दोन दिवसांपूर्वीचा होता आणि आज प्रत्यक्षात १,८०० रुपये मिळाले. चाळीस क्विंटल माल घेऊन गेलेल्या शेतकऱ्याच्या पट्टीत १६,००० रुपयांचा फरक पडला. दर पडणे हा बाजाराचा भाग आहे आणि त्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. पण जुना दर नवा म्हणून दाखवला गेला आणि त्यावर विसंबून गाडी भरली गेली, तर तो दोष माहिती देणाऱ्याचाच ठरतो.

हवामानाच्या सल्ल्यात धोका आणखी तीव्र आहे. शुक्रवारची पत्रिका उतरलीच नाही आणि मंगळवारचीच पुन्हा रवाना झाली, तर ‘पुढील दिवसांत कोरडे हवामान, फवारणी करून घ्यावी’ हे जुने वाक्य शनिवारी वाचले जाते. त्या सायंकाळी पाऊस आला की औषध धुऊन जाते. मजुरी, औषध आणि पाणी वाया जाते आणि दुसऱ्या फवारणीचा खर्च वाढतो. शेतकरी या चुकीचे खापर आज्ञावलीवर फोडत नाही. ती आहे हेच त्याला ठाऊक नसते. तो म्हणतो, ‘कृषी केंद्रवाल्यांनी सांगितले होते.’ विस्तार कार्यकर्त्याने कित्येक वर्षे बांधाबांधावर फिरून मिळवलेला विश्वास अशा एका संदेशाने उणा होतो.

पूर्वी हेच काम एखादा लिपिक करीत असे. तोही चुकत असे. पण पत्रक आले नाही तर तो फोन करून ‘आज भाव आलेले नाहीत’ असे सांगत असे. यंत्राकडून अपेक्षा आहे ती एवढ्याच प्रामाणिकपणाची.

न मिळाल्याचे सांगणे हीदेखील माहितीच

यावर एक आक्षेप घेतला जातो. काहीच न देण्यापेक्षा कालचा आकडा दिलेला बरा. रोज ‘माहिती उपलब्ध नाही’ असे वाचून लोक अ‍ॅप वापरणेच सोडतील, असे सेवा पुरवणाऱ्यांचे म्हणणे असते. यात तथ्य आहे. कालचा दर निरुपयोगी नसतो. अनुभवी शेतकरी त्यावरून कल बांधू शकतो. पण त्यासाठी तो कालचा आहे हे त्याला कळले पाहिजे. ‘सर्वसाधारण दर २,२०० रुपये’ आणि ‘सर्वसाधारण दर २,२०० रुपये, सोमवारचा, मंगळवारचे भाव अद्याप मिळालेले नाहीत’ या दोन वाक्यांत आकडा एकच आहे, पण दुसऱ्या वाक्याने निर्णय शेतकऱ्याच्या हाती ठेवला आहे. पहिल्याने तो नकळत काढून घेतला आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. लहान शेतकरी उत्पादक कंपनीला तपासणीचे इतके सोपस्कार परवडतील का, असे विचारले जाते. वस्तुतः आवश्यक तपासण्या थोड्या आहेत आणि त्यांना मोठा खर्च लागत नाही. फाईल पूर्ण उतरली का, ती खरोखर तक्ता आहे की चुकीचे पान, फाईलच्या आत लिहिलेली तारीख मागितलेल्या तारखेशी जुळते का, मागितलेल्या बाजाराचे नाव तिच्यात आहे का आणि दर आदल्या काही दिवसांच्या मानाने अविश्वसनीय तर नाही ना, एवढे पाच प्रश्न आज्ञावलीने प्रत्येक वेळी स्वतःला विचारले पाहिजेत. एकाचेही उत्तर नकारार्थी आले तर संदेश थांबावा आणि जबाबदार माणसाच्या मोबाईलवर सूचना जावी. उतरलेली मूळ फाईल तात्पुरत्या जागी न ठेवता कायमच्या साठवणीत तारखेसह जपावी, म्हणजे पुढे वाद झाला तर पोर्टलवर त्या दिवशी काय होते हे दाखवता येते. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नमुन्याला क्रमांक देऊन नोंद ठेवतात. इथेही तीच शिस्त हवी.

दार ठोठावण्याची रीत

पोर्टल चालवणाऱ्यांचीही एक बाजू आहे आणि ती दुर्लक्षून चालणार नाही. सार्वजनिक पोर्टलची क्षमता मर्यादित असते. एखादी आज्ञावली दर मिनिटाला येऊन शेकडो वेळा बटण दाबू लागली, तर त्याच वेळी साध्या मोबाईलवरून दर पाहणाऱ्या शेतकऱ्याला पान उघडत नाही. दिवसातून एकदाच बदलणारा आकडा दिवसातून एकदाच आणावा, दोन मागण्यांमध्ये पुरेसे अंतर ठेवावे, फाईल मिळाली नाही तर लगोलग ठोठावत न राहता वाढत्या अंतराने मोजकेच प्रयत्न करावेत, ही साधी रीत आहे. स्वयंचलित पाहुण्यांनी कुठे यावे आणि कुठे येऊ नये हे सांगणारी रोबोट्स फाईल ठेवण्याची प्रथा १९९४ पासून आहे. ती वाचावी आणि पाळावी.

काही दारे मात्र ठोठावायचीच नाहीत. ज्या पानावर ‘तुम्ही माणूस आहात का’ अशी कॅप्चाची परीक्षा आहे, ती चुकवून आत शिरणे हे कौशल्य मानले जाऊ नये. ज्या पानासाठी अधिकाऱ्याचे लॉगिन लागते, तिथे ते लॉगिन आज्ञावलीत लिहून ठेवणे हा थेट बेजबाबदारपणा होय. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या अथवा प्रभारीच्या परवानगीविना संगणक यंत्रणेतून माहिती उतरवून घेणे भरपाईस पात्र ठरते. लाभार्थ्यांच्या याद्या, जमिनीचे तपशील, मोबाईल क्रमांक अशी वैयक्तिक माहिती बाजारभावासारखी नसते. ती पडद्यावर दिसते म्हणून ती साठवण्याचा हक्क मिळत नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आहे आणि शेतकऱ्यांच्या नावाने काम करणाऱ्या संस्थांनी तो सर्वांत आधी समजून घ्यायला हवा.

सरळ दार उघडावे

तरीही मूळ प्रश्न शिल्लक राहतो. जी माहिती जनतेच्या पैशाने, जनतेसाठीच गोळा होते, ती घेण्यासाठी यंत्राला माणसाचे सोंग का घ्यावे लागावे? हेडलेस ब्राउझरची वाट ही आडवाट आहे. पोर्टलचे रूप थोडे बदलले, बटण डावीकडून उजवीकडे गेले, यादीतील बाजाराच्या नावाचे स्पेलिंग सुधारले, की ही वाट बुजते आणि कोणीतरी नव्याने दुरुस्त करेपर्यंत संदेश थांबतात अथवा जुनेच जात राहतात. सरळ रस्ता असेल तर आडवाटेने कोणी जाणार नाही.

तसा रस्ता आखण्याचे धोरण देशात आहे. राष्ट्रीय माहिती सामायिकीकरण आणि सुलभता धोरण २०१२ साली जाहीर झाले आणि त्याच वर्षी केंद्र शासनाचे खुल्या माहितीचे डेटा डॉट जीओव्ही डॉट इन हे पोर्टल सुरू झाले. निरनिराळ्या बाजारांतील शेतमालाचे दैनंदिन दर या पोर्टलवर यंत्राला थेट विचारता येतील अशा स्वरूपात ठेवलेले आहेत. नोंदणी करून मिळालेली किल्ली वापरली की ब्राउझर न उघडता, बटण न दाबता तक्ता मिळतो. ज्यांना देशभरातील बाजारभाव हवेत, त्यांनी पहिल्यांदा हे दार पाहावे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्येही सार्वजनिक संस्थांनी मागणीची वाट न पाहता माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी, असे अभिप्रेत आहे.

मात्र केंद्रीय पोर्टलवर सारेच असेल असे नाही. बाजार समितीची सकाळची आवक, कृषी विद्यापीठाचा साप्ताहिक सल्ला, कृषी विज्ञान केंद्राकडील बियाण्यांची उपलब्धता यांसारखी माहिती त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच असते. देशात सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत. त्यांतील अनेक जण सल्ला पीडीएफमध्ये, कधी तर कागदाचे छायाचित्र काढून टाकतात. येथे जबाबदारी प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांची आहे आणि संशोधन संस्थाही तिच्यातून सुटत नाहीत. पीडीएफ ठेवावीच, कारण ती छापून फलकावर लावता येते. पण तिच्या जोडीला त्याच मजकुराचा युनिकोडमधील साधा तक्ता ठेवावा. त्याचा पत्ता कायम असावा, फाईलच्या नावात तारीख असावी आणि आत तारीख, ठिकाण व एकक यांचे स्वतंत्र रकाने असावेत. नवी फाईल किती वाजता येते हे जाहीर करावे. उशीर होणार असेल तर तसे त्याच पानावर लिहावे. एवढे झाले तर कोणालाही पडद्याविना ब्राउझर चालवावा लागणार नाही, पोर्टलवरचा भार हलका होईल आणि चुकीची जागाही एकच उरेल, जिथे ती शोधता येईल.

विस्तार कार्यकर्त्याने काय विचारावे

हे सारे होईपर्यंत आडवाट चालूच राहणार. त्यामुळे ज्या संस्था, कंपन्या आणि गट तयार सेवा विकत घेतात किंवा कोणाकडून बनवून घेतात, त्यांनी प्रश्न विचारण्याची सवय लावली पाहिजे. विस्तार कार्यकर्त्याला आज्ञावली लिहिता आली पाहिजे असे नाही. ट्रॅक्टरचे इंजिन उघडता न येणाराही पेरणी सरळ झाली की नाही हे सांगू शकतो.

प्रश्न थोडेच आहेत. हा आकडा कोणत्या संकेतस्थळावरून येतो आणि तिथून तो घेण्याची परवानगी आहे का? संदेशात माहितीची तारीख आणि ती घेतल्याची वेळ दोन्ही दिसतात का? मूळ फाईल किती दिवस जपली जाते? पोर्टल बंद असेल त्या दिवशी संदेश काय जातो आणि ते कोणत्या माणसाला कळते? या चारही प्रश्नांची उत्तरे सेवा पुरवणाऱ्याकडून लेखी घ्यावीत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘आमच्याकडे असे कधी होत नाही’ असे आले, तर ती सेवा घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

सोयाबीन पेरण्यापूर्वी घरच्या बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यांची उगवण मोजावी, हे विस्तार कार्यकर्ते दर हंगामात गावोगाव सांगतात. पिशवी भरलेली दिसते म्हणून बियाणे उगवेलच असे कोणी मानत नाही. माहितीच्या व्यवस्थेलाही तशीच चाचणी लावता येते. हंगाम सुरू होण्यापूर्वी, मोजक्या लोकांच्या चाचणी गटावर, सेवा पुरवणाऱ्याला एक दिवस पोर्टलशी जोडणी मुद्दाम तोडायला सांगावे आणि त्या सकाळी मोबाईलवर काय येते ते पाहावे. ‘आजचे भाव मिळाले नाहीत; हे सोमवारचे भाव आहेत’ असा संदेश आला तर व्यवस्था वापरण्याजोगी आहे. नेहमीप्रमाणे नुसताच आकडा आला तर ती शेतकऱ्यांच्या हाती देण्याजोगी नाही, आणि हे कांदा गाडीत भरण्याच्या दिवशी कळण्यापेक्षा चाचणीच्या दिवशी कळलेले बरे.